नवऱ्याची खरी कमाई शोधायला किती खर्च येतो?

‘शेतीचे उत्पन्न नाही, मजुरी करतो, महिन्याला सहा हजार मिळतात.’ पोटगीच्या प्रकरणात नवऱ्याने दिलेल्या शपथपत्रात असे वाक्य असते आणि त्याच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो. गावाला सगळे माहीत असते, पण न्यायालय गावाच्या माहितीवर चालत नाही, कागदावर चालते. मग कोणीतरी सुचवते, नागपूरचा एखादा सीए गाठा, तो फॉरेन्सिक ऑडिट करून देईल. त्यावर माहेरचे लोक विचारतात, त्याची फी किती? पण आधी विचारायला हवे की त्याची गरज आहे का. भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक प्रकरणांत ती नसते. जिथे असते तिथे मात्र काटकसर महागात पडते.

एक गैरसमज आधी दूर करू. घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोला मिळते, असा आपल्याकडे कायदा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात तसे नाही. स्त्रीधन तुमचे ते तुमचेच, पण बाकी लढाई पोटगीची असते, मग ती महिन्याची असो की एकरकमी. पोटगी ठरते नवऱ्याच्या ऐपतीवर आणि तुमच्या गरजेवर. त्यामुळे हिशेब तपासणाऱ्याचे काम इथे वाटणी करण्याचे नसते, ऐपत सिद्ध करण्याचे असते.

या बाबतीत देशभर लागू असलेला निकाल आपल्या शेजारच्या नागपुरातून गेला आहे. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली सुरू झाले. २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. शपथपत्राला साधारण चार आठवडे, त्यानंतर फार तर दोन संधी. खोटे लिहिले तर खोट्या साक्षीबद्दल कारवाई. हे नीट पाळले जात नाही म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आठवण करून द्यावी लागली. तेव्हा तुमच्या प्रकरणात हे शपथपत्र दाखल झाले आहे का, एवढे वकिलांना आजच विचारा. त्याला पैसे पडत नाहीत.

शेतकऱ्याचा नमुना वेगळा आहे

या शपथपत्राचा शेतीवर जगणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे, आणि आपल्याकडे तो सर्रास विसरला जातो. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, वर्षभरात कोणती पिके घेतली, तीन वर्षांत जमिनीतून काय मिळाले, कोणाची जमीन ठेक्याने किंवा बटईने केली का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे यांतून काय येते, जमिनीवर कर्ज किती, असे त्यातले प्रश्न आहेत. शहरी नोकरदाराचा नमुना भरून देणाऱ्या शेतकऱ्याला यातल्या एकाही प्रश्नाला सामोरे जावे लागत नाही. शेतीचा नमुना भरायला लावा, असा साधा अर्ज वकिलांनी दिला की पुढच्या कामाला दिशा मिळते.

न्यायालयाचा खर्च धरून चालणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना महाराष्ट्रात न्यायशुल्क माफ आहे; ही अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची आहे. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, त्यामुळे कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा म्हणाले तर कशासाठी ते विचारा. आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, फोनवर १५१००. मोफत म्हणजे हलका वकील, अशी समजूत आहे. ती काही वेळा खरी ठरते, पण फी भरलेले वकीलही तारखेला येत नाहीत, हेही तितकेच खरे.

पंधरा रुपयांचे कागद

आता शोध. पहिला कागद आठ-अ. एका गावातल्या खात्यावरची सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. महाभूलेख संकेतस्थळावर गाव निवडून नावाने शोधले की खाते आणि गट क्रमांक फुकट दिसतात. डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ किंवा फेरफार प्रत्येकी १५ रुपयांत निघतो. नवऱ्याचे गाव, सासूचे माहेर, दिराने अलीकडे जमीन घेतली ते गाव, एवढी गावे बघितली तरी १०-१५ उतारे होतात. म्हणजे फार तर सव्वादोनशे रुपये.

यात फेरफार सर्वांत बोलका. भांडण सुरू झाल्यावर, नोटीस पोचल्यावर, जमीन कोणाच्या नावे गेली हे तो तारखेसह सांगतो. आपल्याकडची नेहमीची वाट म्हणजे हक्कसोड: नवरा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या किंवा आईच्या नावे सोडतो, मुद्रांक अवघा ५०० रुपये, आणि न्यायालयात सांगतो की माझ्या नावे गुंठाभरही नाही. हक्कसोडाची तारीख तुमच्या अर्जाच्या मागे-पुढे असेल तर ते दोन कागद शेजारी ठेवणे पुरते. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पोटगीचा हक्क डावलण्यासाठी फुकटात दिलेल्या जमिनीवरही तो हक्क चालवता येतो, अशी तरतूद मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे. वकिलांना हे कलम दाखवा.

दुसरा पुरावा धानाचा. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचे तर सातबारा जोडून नोंदणी लागते आणि चुकारे थेट बँक खात्यात येतात. म्हणजे सरकारी केंद्रावर विकलेल्या धानाचा माग बँकेत असतोच. समजा त्याने २०२४-२५ च्या खरिपात ६० क्विंटल साधारण धान दिले. २,३०० रुपये दराने १,३८,००० रुपये झाले. त्या हंगामाची हेक्टरी २०,००० रुपयांची प्रोत्साहन राशी, कमाल दोन हेक्टर, म्हणजे ४०,०००. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,०००. एकूण १,९०,००० रुपये, आणि शपथपत्रात लिहिले आहे ‘शेतीचे उत्पन्न नाही’. उन्हाळी धान यात धरलेलेच नाही. ई-पीक पाहणीत उन्हाळी धान नोंदवले असेल तर सातबाऱ्यावर ते दिसते.

मात्र हा आकडा जसाच्या तसा न्यायालयात फेकू नका. नांगरणी, रोवणी, खत, मळणी, हमाली वजा करूनच द्या. समोरचा वकील खर्चाची यादी घेऊन उभा राहिला आणि तुमच्याकडे उत्तर नसले, तर खरा आकडाही खोटा वाटायला लागतो. कृषी विभागातला ओळखीचा माणूस किंवा गावातला हिशेबी शेतकरी हा खर्च तासाभरात मांडून देतो.

गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातल्या, विशेषतः पवनी तालुक्यातल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी: भूसंपादनाचा मोबदला. जमीन गेली म्हणून सातबारा कोरा असतो, पण पैसे कुठे गेले हे कोणी विचारत नाही. वाढीव मोबदल्याचा दावा असेल तर त्याची रक्कम न्यायालयामार्फतच येते. रस्त्यात जमीन गेली असेल तिथेही तेच.

बँकेला एक सांगितले, न्यायालयाला दुसरे

माझ्या मते अशा प्रकरणांतला सर्वांत भारी कागद कर्जाचा अर्ज. ट्रॅक्टरसाठी, घरासाठी, दुकानासाठी कर्ज घेताना माणूस स्वतःची कमाई फुगवून सांगतो. पोटगीत तीच कमाई आटवून सांगतो. दोन्हीवर त्याचीच सही असते. म्हणून बँक खात्याच्या उताऱ्यासोबत कर्जाचा अर्ज आणि त्याला जोडलेले उत्पन्नाचे विवरण बँकेकडून मागवा, असा अर्ज न्यायालयात द्यायला सांगा. हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार बँकेला समन्स निघते. फौजदारी मार्गाने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागितली असेल, तर कलम ९४ नुसार कागद मागवता येतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ चे आता १४४ झाले आहे, १ जुलै २०२४ पासून. पतसंस्थेलाही समन्स काढा. ती खाती शपथपत्रात हमखास राहून जातात.

आणि आयकर विवरणावर भिस्त ठेवू नका. छोट्या व्यापाऱ्याला अनुमानित पद्धतीने उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळे होता येते. १२ टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये आणि त्याहून जड गाडीला टनामागे १,००० रुपये उत्पन्न धरले की आयकर खाते समाधानी. वैनगंगेच्या रेतीवर धावणारा टिप्पर प्रत्यक्षात किती कमावतो याचा त्या विवरणात पत्ता लागत नाही. विवरणापेक्षा त्याच्या आयकर खात्यातले वार्षिक माहिती विवरण, ज्याला एआयएस म्हणतात, मागा. व्याज, शेअर, मोठ्या रोख ठेवी, मालमत्तेची खरेदी तिथे आपोआप उमटते. ते फुकट डाउनलोड होते, पण लॉगिन त्याचे. म्हणून न्यायालयाने त्यालाच हजर करायला सांगावे.

नवरा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत, एसटीत किंवा जिल्हा परिषद शाळेत असेल तर सीए कशाला हवा? पगारपत्रक पुरते. त्यात एकच डाव असतो: सोसायटीचे कर्ज, जादा भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते लावून ‘हातात’ येणारी रक्कम आठ-नऊ हजारांवर आणायची. स्वेच्छेने लावलेल्या अशा कपाती न्यायालये सहसा मानत नाहीत, तेव्हा ढोबळ पगारातून फक्त कर आणि सक्तीच्या कपाती वजा करून मांडा. निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालामुळे चर्चेत असतो. तो अंदाज आहे, हक्क नव्हे. पोटगीच्या वादात पत्नीने मागितलेले पगाराचे तपशील निव्वळ खासगी माहिती राहत नाहीत, असे नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये माहिती अधिकाराच्या प्रकरणात म्हटले होते. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये माहिती अधिकार कायद्यातले व्यक्तिगत माहितीचे कलम अधिक कडक झाले. १० रुपयांचा अर्ज करून पाहायला हरकत नाही, विसंबून मात्र न्यायालयाच्या आदेशावरच राहा.

सीए कधी लागतो

नवऱ्याचा धंदा वह्यांत चालतो आणि त्या वह्या खोट्या आहेत, असे असेल तेव्हाच. राईस मिल, धानाची अडत, बांधकामाची ठेकेदारी, भावांची भागीदारी.

राईस मिलचेच उदाहरण घ्या. सरकारी धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. हजार क्विंटल धान आले तर ६७० क्विंटल तांदूळ सरकारला गेला. उरलेले कणी, कोंडा, तूस मिलमालकाचे. ते विकले जाते, कोंडा तर चांगल्या भावाने जातो. वहीत त्या विक्रीची ओळ आहे का, हा जाणकार सीएचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न महावितरणच्या बिलाला. ज्या महिन्यात फक्त सरकारी धान भरडले तो महिना निवडायचा. समजा त्या महिन्यात २,००० क्विंटलला ६,००० युनिट लागली, म्हणजे क्विंटलला तीन. वर्षाची युनिटे ९०,००० असतील तर ३०,००० क्विंटल भरडले गेले असणार. वहीत १८,००० असतील तर मधले १२,००० क्विंटल कोणाचे, आणि त्यांच्या भरडाईचे रोख पैसे कुठे? वीज चोरली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते त्याने शपथेवर सांगायला हवे. विशेषतः फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली बाब सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याची त्याची, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९ इथे उपयोगी येते.

असे काम करणारा माणूस नेमण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही स्वतः नेमायचा. दुसरा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली न्यायालयाकडून हिशेब तपासायला आयुक्त नेमून घ्यायचा. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. आयुक्ताला वह्या दाखवाव्याच लागतात. तुमच्या सीएला मिलच्या फाटकात कोणी उभे करणार नाही. आयुक्ताची फी न्यायालय ठरवते आणि सुरुवातीला मागणाऱ्यालाच भरावी लागते, म्हणून त्याच वेळी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली कज्जेखर्चाचा अर्ज देऊन ती रक्कम नवऱ्याकडून मागा. अर्जात ‘खर्च द्यावा’ असे मोघम लिहू नका. फीचे लेखी पत्रक जोडा.

फी ठरवताना

सीएच्या फीला सरकारी दर नाही. कागद किती, वर्षे किती, खाती किती यांवर ती ठरते. म्हणून काम टप्प्यांत तोडून घ्या: आधी हाताशी असलेल्या कागदांची प्राथमिक तपासणी आणि ‘पुढे जाण्यात अर्थ आहे का’ याचे उत्तर, मग वाटल्यास अहवाल. प्रत्येक टप्प्याची रक्कम, मुदत आणि कोणती वर्षे तपासणार हे करारपत्रात लिहून घ्या. फॉरेन्सिक कामाची आयसीएआयची, म्हणजे सीएंच्या संस्थेची, स्वतंत्र मानके १ जुलै २०२३ पासून बंधनकारक आहेत. तुमचा सीए ती पाळणार का आणि त्याने आयसीएआयचा फॉरेन्सिकचा अभ्यासक्रम केला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. कर विवरण भरणारा घरचा सीए उत्तम असेल, पण उलटतपासणीत टिकणे हे वेगळे काम आहे.

साक्षीचा खर्च लोक विसरतात. अहवाल लिहिणाऱ्याने साक्षीला यावे लागते. नाही आला तर अहवालाची किंमत रद्दीची. नागपूरहून भंडारा साठ किलोमीटर, पण तारीख पडली की तो दिवस गेला. तारखेमागे किती, तारीख पुढे ढकलली गेली तर किती, हे आधीच ठरवा. नोंदणीकृत सीएच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. वकिलाच्या फीवर मात्र घरगुती वादात व्यक्तीला जीएसटी नाही. बिलात लावला असेल तर विचारा. आणि ‘जेवढी पोटगी मिळेल तिच्यातले इतके टक्के’ असा सौदा सीए किंवा वकील, कोणीही करू शकत नाही, दोघांच्याही आचारसंहितेत तो निषिद्ध आहे. सीएच्या प्रमाणपत्रावरचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक आयसीएआयच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नवऱ्याने लावलेल्या प्रमाणपत्राचाही तपासा.

खर्च परवडतो का, याचा हिशेब सोपा आहे. तपासणीमुळे पोटगी महिन्याला ३,००० रुपयांनी वाढेल असे वाटत असेल, तर वर्षाला ३६,००० झाले. अर्ज करून दोन वर्षे झाली असतील तर मागची थकबाकीच ७२,०००. तिथे ४०,००० रुपये फी सोसते. वाढ ५०० रुपयांची असेल तर आठ-अ आणि बँकेचे समन्स यांवर थांबा.

खासगी गुप्तहेराला पैसे देऊ नका. नवऱ्याच्या मोबाइलचा पासवर्ड वापरून नेट बँकिंग उघडू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि फिर्यादी नवराच असेल.

शपथपत्र बायकोलाही द्यावे लागते. शिवणकाम, बचत गट, कोशाचे काम, खासगी शाळेतली नोकरी, लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, सगळे लिहा. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळू शकते. खोटे बोलताना सापडलेल्या बायकोचे बाकीचे खरेही मग कोणी मानत नाही. आणि बायकोची कमाई शोधायला नवऱ्यांनाही हे मार्ग खुले आहेत.

आदेश झाला की काम संपत नाही. कलम १४४ खालच्या पोटगीचा हप्ता थकला तर तो देय झाल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यानंतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. पहिला हप्ता चुकला त्या दिवशीच ती तारीख दिनदर्शिकेवर लिहा आणि वकिलांनाही कळवा.